मोटारीची पूजा

ओवी साताऱ्याहून सांगलीला एकटी आली ती पहिल्यांदाच, आणि एसटीतून उतरली ती जग जिंकून आल्यासारखी. नववीत गेल्यापासून तिचं सगळंच जोरात चाललं होतं. आधी वर्गात हात वर करायचा म्हटलं तरी घाम फुटणारी ही मुलगी. पण पावसाळ्यात विज्ञान प्रदर्शनात तिनं टाकी भरली की आपोआप बंद होणारा पंप करून दाखवला, जिल्ह्यात नंबर काढला, आणि तेव्हापासून तिच्या जिभेला चाकंच फुटली. घरातला मिक्सर, शेजारची इस्त्री, वर्गातला कुरकुरणारा पंखा, सगळ्यांबद्दल तिला मत होतं. कधीकधी ते बरोबरही असायचं.

सांगलीला हरिपूरच्या रस्त्यालगत एका गल्लीत तिचे दादासोमामा राहत. मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उभी नोकरी रणगाडा चालवण्यात गेलेली. निरोपाच्या वेळी बरोबरच्या जवानांनी त्यांना रिमोटवर चालणारा रणगाडा भेट दिला होता. आकारानं मांजराएवढा, पण उचलायला दोन हात लागायचे. धातूचे पट्टे, गरगर फिरणारा बुरूज, वर-खाली होणारी तोफ. त्याला कुणी खेळणं म्हटलं की मामांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. ते त्याला 'गाडी' म्हणत, जशी फौजेत खऱ्या रणगाड्याला म्हणतात. दसऱ्याच्या संध्याकाळी गाडीच्या पाठीवर आपट्याची पानं रचायची, गाडी पुढे आणि गल्ली मागे, अशी वरात मारुतीच्या देवळापर्यंत सीमोल्लंघनाला जायची. वाटेत गाडी दारोदार थांबायची आणि घरातल्यांनी तिच्या पाठीवरून सोनं उचलायचं. गल्लीतली पोरं दिवाळीपेक्षा या दिवसाची वाट बघत.

"यंदा खंडेनवमीची पूजा आमची इंजिनेर करणार," मामांनी आदल्या दिवशी जाहीर करून टाकलं.

मग काय! ओवीनं ओढणी कंबरेला खोचली. पाटावर शरयूमामीचं शिलाई मशीन, विळा, मामांचे पाने-पकडी आणि मध्यभागी गाडी. ओवीनं सगळ्यांना हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. मामी निरांजन आणायला आत गेली, मामा दारात शेजारच्या भाऊसोंशी बोलत उभे राहिले, आणि तेवढ्यात ओवीच्या डोक्यात एक विचार चमकला. आपण टिळा लावतोय तो नुसत्या पत्र्याला. राबते ती आतली मोटर. तिला काहीच नाही? वर्षभर काम एकीनं करायचं आणि कुंकू दुसऱ्यानं लावून घ्यायचं!

गाडीचा वरचा भाग खटक्यांवर बसवलेला होता. मामांचा दंडक असा, की त्यांच्या परवानगीशिवाय झाकण कुणी उघडायचं नाही. ओवीला तो माहीत होता. पण देवाच्या कामाला कसली परवानगी, असं म्हणत तिनं झाकण उचललं, दोन्ही मोटारींवर हळदकुंकू सोडलं, वर ओल्या कुंकवातल्या अक्षता टाकल्या. चिमूटभर नाही, चांगल्या मूठभर. झाकण टकदिशी बसवलं. मामी निरांजन घेऊन आली तेव्हा ओवी हात जोडून इतकी शहाण्यासारखी बसली होती, की मामीला कौतुकच वाटलं.

दसऱ्याच्या सकाळी पूजा उतरवली. दरवर्षीप्रमाणे अण्णाप्पाकाका चहाला आले. अण्णाप्पा मगदूम म्हणजे समोरच्या घरातले हळदीचे व्यापारी, घरामागेच त्यांची वखार. मामांशी त्यांची दोस्ती अशी, की चहा कुणाच्याही घरी उकळला तरी कप दोघांचे निघत. भाऊसोही होतेच, गल्लीत काही घडायच्या आधी ते तिथं हजर असत.

मामांनी गाडी अंगणात ठेवली, रिमोटची दांडी पुढे ढकलली. गाडी घरघरली आणि पुढे जायच्या ऐवजी जागच्या जागी फिरू लागली. उजवा पट्टा पळत होता, डावा मेल्यासारखा पडला होता.

"घाण्याच्या बैलावाणी चाललंय की ओ सुभेदार," भाऊसो म्हणाले. "तेल काढायचा इचार हाय काय?"

मामा हसले नाहीत. त्यांनी रिमोटमधले सेल बदलले, बॅटरी काढून पुन्हा बसवली. गाडी आपली गोल गोल.

"मामा, मी बघते," ओवी पुढे झाली.

"जमंल तुला?"

"न जमायला काय झालं!"

"मग उघड," मामा म्हणाले, आणि हा मान गल्लीत आजवर कुणालाही मिळालेला नव्हता, हे सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

ओवीनं खटके दाबले, झाकण उचललं. सगळी डोकी एकदम आत वाकली. आतली सर्किटची पट्टी, तारा, मोटारींच्या पाठी, सगळीकडे पिवळी पूड सांडलेली. कालचं कुंकू आणि अक्षता गाडी गोल फिरताना खाली तळाशी गेल्या असाव्यात. वर दिसत होती ती फक्त हळद.

"अगंबाई, ही हळद कुठनं आली आत?" मामी म्हणाली.

 सांगायला ओवीनं तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात अण्णाप्पाकाका चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "दादासो, मागल्या आठवड्यात आमच्या नातीच्या, ब्राह्मीच्या वाढदिवसाला मी गाडी न्हेलती बघ. वखारीत चालवू नगासा म्हणून पोरांस्नी बजावलंतं मी. पण कुणी न्हेली असंल काय रं?"

सगळ्यांनी ओवीकडे बघितलं. शेवटी इंजिनेर तीच होती.

"काय वाटतं गं?" मामांनी विचारलं.

आता नीट बघा, इथं ओवीला खरं सांगायला एक श्वास पुरला असता. पण तो श्वास घेता घेता तिला दिसलं ते असं: झाकण न विचारता उघडणारी भाची, मोटरला हळद लावणारी जिल्ह्यातली नंबरवाली, आणि हे सगळं आयुष्यभर रंगवून सांगणारे भाऊसो.

"वखारीतलीच असणार," ती म्हणाली. आवाज तिचा नेहमीसारखाच ठणठणीत आला, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. "बारीक पूड आहे. वाऱ्यानं आत गेली असेल."

मामांनी रिमोट खाली ठेवला. मग म्हणाले, "अण्णा, ही चीज मी भावालासुदीक देत न्हाई. तुला इश्वासानं दिलती."

"व्हय. चुकलंच माझं," अण्णाप्पाकाका म्हणाले. त्यांनी चहा तसाच ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि मान खाली घालून समोरच्या घरात गेले. अर्धा कप चहा तसाच टाकून उठणारा माणूस तो नव्हे.

"सांगलीची हळद एक नंबर," भाऊसो म्हणाले, "पण रणगाड्याला मानवत न्हाई म्हणायची." दोघंतिघं हसले. ओवीही हसली, आणि हसता हसता तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

ती गाडी घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. एकटी. तिथं तिनं स्वतःची समजूत काढायला सुरुवात केली. हळदीनं कुठं मोटर बंद पडते? खरं कारण वेगळंच असणार. एखादी तार तुटली असेल, नाहीतर पट्टीतला काही भाग जळला असेल. ते एकदा सापडलं की आपण सगळ्यांना सांगू, 'हळदीचा काही संबंध नाही, हे बघा कारण,' आणि अण्णाप्पाकाका आपोआप सुटतील. मग हळद कुणाची हे कोण विचारतंय? हा बेत तिला इतका आवडला की तिला जरा बरंही वाटलं.

ती जोमानं कामाला लागली. दोन मोटारींच्या तारा पट्टीतून सोडवून तिनं त्यांची अदलाबदल केली. डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे. आता जर उजवा पट्टा बंद पडला, तर दोष पट्टीचा. डावाच बंद राहिला, तर दोष त्या बाजूच्या मोटरचा किंवा दातेरी चाकांचा. ही युक्ती तिनं पंपाच्या वेळी शिकली होती. रिमोट दाबला. डावाच बंद. मोटर नुसती गुणगुणत होती, जोर लावत होती आणि अडत होती. ओवीनं पटकन बोट उचललं. अडलेली मोटर तापून जळते हे तिला ठाऊक होतं. पट्ट्याचं चाक हातानं फिरवून बघितलं. जरासं हललं आणि दगडावर आदळल्यासारखं थांबलं.

म्हणजे काहीतरी अडकलंय. तिनं बॅटरी काढली, मोबाईलचा उजेड पाडला आणि चाकांच्या उघड्या दात्यांमध्ये डोकावली.

मोटरच्या छोट्या चाकाचे दाते मोठ्या चाकात जिथं बसतात, नेमका तिथं तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता. लालभडक. कुंकवानं माखून, वाळून, सिमेंटसारखा घट्ट झालेला. त्याच्याखाली आणखी एक, अर्धा चिरडलेला.

ओवी बघत राहिली. वखारीत हळद असते. वखारीत कुंकवातल्या अक्षता नसतात.

मामीच्या भुवयांच्या चिमट्यानं तिनं दाणे काढले. तळाशी आणखी सापडले, तेही वेचले. मुठीत धरले. कुणी येतंय का म्हणून मागे वळून बघितलं आणि ते सगळे तिनं मोरीच्या जाळीत टाकून वर तांब्याभर पाणी ओतलं. चोर जसं करेल, तसंच. स्वतःला असं पाणी ओतताना बघून तिला कसंतरीच झालं, पण हात काही थांबले नाहीत. मग जुन्या टूथब्रशनं तिनं हळद झाडली, तारा होत्या तशा लावल्या, दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला. गाडी सरळ पळाली. उंबऱ्यावरून उडी मारून सोप्यात गेली आणि मामांच्या पायापाशी थांबली.

"शाब्बास!" मामा ओरडले. पार पलटणीत ओरडावं तसे. मामीनं धावत येऊन ओवीची दृष्ट काढली. भाऊसोंनी तर रस्त्यावरूनच हाळी दिली, "साताऱ्याचा पेढा आणि साताऱ्याची पोरगी, दोन्हीला तोड न्हाई बघा!"

"काय निघालं गं?" मामांनी विचारलं.

"कचरा होता. दात्यांत."

"हळदच ना?"

ओवीनं मान हलवली. व्हय अशीही नाही, नाही अशीही नाही. मामांनी ती व्हय अशीच घेतली.

"संध्याकाळी रिमोट तुझ्या हातात," ते म्हणाले. "गाडी तूच चालवायची."

दुपारी पुरणपोळी होती, वर मामीनं तुपाची धार सोडली. ओवीनं पोळी नुसती चिवडली. सगळे तिचं कौतुक करत होते, आणि कौतुक गरम वाळूसारखं अंगावर पडत होतं. पंप केला तेव्हाही असंच कौतुक झालं होतं. तेव्हा ते सगळं तिचं होतं. आज ते समोरच्या घरातल्या माणसाच्या वाटणीचं ओरबाडून आणलेलं होतं. खिडकीतून मगदुमांचं दार दिसत होतं. झेंडूचं तोरण लावलेलं, पण दार बंद. सणाच्या दिवशी.

"अण्णांना जेवायला बोलवायचं का हो?" मामीनं विचारलं.

"नगं," मामा म्हणाले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "बगू संध्याकाळी."

संध्याकाळी गल्ली अंगणात जमली. गाडीच्या पाठीवर आपट्याची पानं रचली गेली, पोरं ढकलाढकली करायला लागली. ओवीच्या हातात रिमोट. आणि समोरचं दार उघडलं. अण्णाप्पाकाका बाहेर आले, पांढरी टोपी, धुतलेला सदरा, आणि त्यांचं बोट धरून नात ब्राह्मी. ब्राह्मी दुसरीत होती. तिचे डोळे सुजून लाल झाले होते. काकांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"दादासो," ते मामांपाशी येऊन म्हणाले, "आज समदी दुकानं बंद. पर ब्राह्मीच्या रिमोटच्या मोटारगाडीत अशीच मोटर असती, म्हणून तिनं ती दिली. मला कुठलं यातलं कळतंय. काढली आपली सुरीनं. तुझ्या गाडीत बसती का बग." त्यांनी फडकं उघडलं. आत एक छोटी मोटर होती, मागे कापलेल्या तारांची बोटभर टोकं.

वाढदिवसाला आलेली नवी कोरी गाडी फोडून काढलेली मोटर.

"गाडी सुरू झाली की अण्णा," भाऊसो म्हणाले. "ही पोरगी हाय न्हवं!"

"झाली? ब्येस झालं," अण्णाप्पाकाका म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचा आनंद दिसला. "तरी ठेव ही. परत बिघडली तर. ब्राह्मी, सुभेदारांच्या पाया पड. माफी माग."

ब्राह्मी जागची हलली नाही. "मी नव्हती नेली वखारीत," ती म्हणाली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मी सांगत होते, मी नव्हती नेली."

"सकाळधरनं ह्येच चाललंय," काका ओशाळून म्हणाले. "मी एकेकाला उभं करून इचारलं. कुणीच कबूल हुईना. मग हिलाच बोललो जरा जास्ती. वाढदिवस हिचा हुता न्हवं."

 अण्णाप्पाकाकांना एकट्यांना गाठून हळूच सांगावं, असं ओवीनं दुपारभर ठरवलं होतं. आता ते चालण्यासारखं नव्हतं. ब्राह्मी सगळ्यांसमोर उभी होती.

"तिनं नव्हती नेली," ओवी म्हणाली. कुणाला ऐकूच गेलं नाही. सकाळी खोटं बोलताना केवढा खणखणीत लागला होता आवाज! "काका, ती खरं बोलतेय. हळद तुमची नव्हती."

"मग कुणाची?" भाऊसोंनी विचारलं.

"माझी. काल पूजेला मी झाकण उघडलं. मोटरला हळदकुंकू लावलं. अक्षता टाकल्या. त्याच अडकल्या होत्या."

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. मग मामीच्या तोंडून निघालं, "मोटारीची पूजा?" आणि मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी कुणी. "मोटरला ओटीसुदीक भरायची हुतीस," भाऊसो म्हणाले आणि मांडीवर थाप मारून हसले. ज्या हसण्याला भिऊन ती सकाळी खोटं बोलली होती, ते हेच. आणि ते एवढंसंच होतं. अंगावरून गेलंसुद्धा.

मामा हसत नव्हते. "ओवी," ते म्हणाले, "सकाळी अण्णा हितं उभा हुता, तवा तुला म्हाईत हुतं?"

"हळद माझी आहे, हे माहीत होतं."

"आन् तरी बोललीस."

"हो."

मामांनी तिच्या हातातून रिमोट काढून घेतला. रागानं नाही, पेंगणाऱ्या माणसाच्या हातातून कप काढून घ्यावा, तसा. त्या हळुवारपणानं ओवीला रडू फुटायचं बाकी राहिलं. मग ते अण्णाप्पाकाकांकडे वळले.  "अण्णा, मी सकाळी..."

"ऱ्हाऊ दे रं गड्या," काका म्हणाले. पण मामांकडे बघत नव्हते ते. नातीकडे बघत होते. गुडघ्यावर हात टेकत ते खाली वाकले. "ब्राह्मी, मी उगंच वरडलो व्हय गं तुला?"

ब्राह्मीनं मान वळवली.

ओवी काकांच्या पाया पडायला वाकली. काकांनी डोक्यावर हात ठेवला, पण नेहमीसारखं 'मोठी हो' म्हणाले नाहीत. "तिला सांग," एवढंच म्हणाले.

तिला सांगणं सगळ्यात अवघड होतं. मोठी माणसं निदान 'राहू दे' म्हणतात. दुसरीतली पोर तसलं काही म्हणत नाही.

"ब्राह्मी, मी खोटं बोलले. तुझी काही चूक नव्हती," ओवी तिच्यापुढे उकिडवी बसून म्हणाली.

ब्राह्मीनं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. मग फडक्यातली मोटर उचलून तिच्यापुढे धरली. "लाव परत," ती म्हणाली.

वरात निघाली. रिमोट मामांच्या हातात होता, आणि गाडी सगळ्यांच्या आधी मगदुमांच्या उंबऱ्यापाशी जाऊन थांबली. काकांनी तिच्या पाठीवरचं पान उचललं, मामांच्या हातात दिलं, मामांनी त्यांना दिलं. पुढे दोघं बरोबर चालले. गाडीची घरघर, पोरांचा कालवा देवळाच्या दिशेनं लांब लांब गेला. मामी जाता जाता म्हणाली, "येतीयस ना गं?" ओवीनं मान हलवली. नाही.

मगदुमांच्या ओट्यावर ब्राह्मीची मोटारगाडी पोट फाडल्यासारखी पडली होती. लाल रंगाची, दारांवर सुरीचे ओरखडे. ओवीनं तारांच्या टोकांवरचं वेष्टण नखानं सोललं, आतल्या बारीक तांबड्या तारा पीळ देऊन एकमेकींत गुंतवल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. मोटर तिच्या खाचेत बसवली. तुटलेल्या खुंटीच्या जागी दोरा बांधला. ब्राह्मी शेजारी बसून प्रत्येक गोष्ट बघत होती, एकही प्रश्न न विचारता. एरवी ओवीनं तिला सगळं समजावून सांगितलं असतं: ही मोटर कशी फिरते, आत चुंबक कसं असतं. आज तिला आपला आवाजच ऐकावासा वाटत नव्हता.

"चालव," तिनं रिमोट पुढे केला.

ब्राह्मीनं पुढचं बटण दाबलं. गाडी चालली. मागे.

"उलटी जातीय," ब्राह्मी म्हणाली.

दोन्ही तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. साधी चूक. 'उलटी म्हणजे काय, चालली ना!' असं म्हणून वेळ मारून न्यायला ओवीची जीभ सवयीनं वळवळली.

"हो," ती म्हणाली. "माझं चुकलंय. थांब." आणि ओट्यावरचा दिवा जवळ ओढून तिनं चिकटपट्टी सोडवायला घेतली. थोड्या वेळानं ब्राह्मी पुढे सरकली आणि तिनं एक तार बोटांत धरून ठेवली.